नाडीनं बांधलेला खटका

चौथी उशी हनुवटीखाली दाबून ताई तिला अभ्रा चढवत होती, तेवढ्यात फोन वाजला. अभ्रा अर्ध्यावर अडकलेला, उशीचं एक टोक बाहेर, आणि पलीकडून धाकटी बहीण रडवेली. "ताई, पीठ फुगून परातीबाहेर यायला लागलंय गं, आणि पावाची भट्टी चालूच होत नाहीये!"

"लगेच पडतो की थोड्या वेळानं?"

"कोण?"

"खटका गं. एमसीबीचा."

"लगेच. भिंतीवरचं बटण दाबलं की टक्!"

"आलेच." उशी तशीच अर्धी उघडी टाकून ताई निघाली.

देव प्रत्येकाला एखादं इंद्रिय जरा जास्त मायेनं देतो. ताईला त्यानं कान दिले. सत्तावीस वर्षं ती एमसीबीच्या कारखान्यात शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसली. विजेच्या पेटीत ओळीनं बसवलेले जे छोटे खटके भलताच प्रवाह आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत आपणहून पडतात आणि घर वाचवतात, ते सगळे तिच्या हाताखालून जायचे. यंत्र प्रवाह सोडायचं, खटका पडायचा, ताई मनात नाम घ्यायची आणि पुढचा उचलायची. तिथला न्यायच उलटा! पडेल तो पास, ताठ उभा राहील तो नापास. कधी यंत्राचा हिरवा दिवा लागला तरी ताईला आवाज पटायचा नाही. "हा आळशी आहे," म्हणून ती तो बाजूला ठेवायची, आणि साहेबांनी उघडून बघितलं की आत स्प्रिंग तिरकी निघायची. कारखान्यात तिला सगळे कानवाली म्हणत. निवृत्त झाल्यावर नातलगांनी तेच कान घरोघरी कामाला लावले.

आज धाकटीची पहिली मोठी ऑर्डर होती. शाळेच्या खेळांच्या दिवसासाठी शंभर गोड पाव, चारच्या ठोक्याला. नवऱ्याशी तिचं ठरलं होतं, महिनाभर भट्टी चालवून बघायची, नाहीच जमलं तर निमूट त्याच्या सिमेंटच्या दुकानात बसायचं. महिन्याचे तीनच दिवस उरले होते.

ताई पोचली तेव्हा धाकटीचा नवरा, म्हणजे ताईचे भाऊजी, वीज कंपनीच्या माणसाशी फोनवर हुज्जत घालत होते. "अहो, फक्त आमच्या स्वयंपाकघरापुरतीच वीज गेलीय! नाही, बाहेरच्या खोलीत पंखा चालू आहे... हसताय काय?"

फोन ठेवून ते वळले. "बरं झालं आलात, ताई. खटका सारखा पडत होता. मी बंदोबस्त केलाय."

बंदोबस्त असा, की पायजम्याच्या नाडीनं खटका वर आवळून नाडीचं दुसरं टोक खिळ्याला बांधलं होतं. "आता पडून दाखव म्हणावं! वर आहे की नाही? म्हणजे वीजच येत नाहीये."

ताईला हसू आवरेना. "भाऊजी, तो नाडीला भीक घालत नाही. बाहेरचा दांडा कितीही धरून ठेवा, आतल्या आत तो सुटतोच. तुमच्यासारख्यांना ओळखूनच घडवलाय त्याला."

"मग हा लावू." भाऊजींनी खिशातून नवाकोरा खटका काढला. "बत्तीस अँपिअरचा! आपला सोळाचा अगदीच नाजूक."

"आणि भिंतीतली तार?"

"ती ठणठणीत आहे."

"ती सोळापुरतीच आहे. हा दांडगा बसवलात, तर तार तापून पेटायला आली तरी हा डुलक्या घेत राहील. ठेवा तो खिशात."

थोड्या वेळानं पडला असता तर बोजा जास्त झालाय म्हणता आलं असतं. बटण दाबताच टक्, म्हणजे कुठेतरी दोन तारा एकमेकींना भिडल्या होत्या. ताईनं विचारलं, "ही भट्टी आधीपासून इथंच आहे?"

"छे! काल मीच सरकवली," भाऊजींनी छाती पुढे काढली. "हिला ओट्यापर्यंत सारखी ये-जा पडते म्हणून. एकट्यानं!"

धाकटी नवऱ्याकडे बघतच राहिली. भट्टी त्यानं आपल्यासाठी सरकवली, हे तिला ठाऊकच नव्हतं.

ताईनं मेन बंद करायला लावला, प्लग काढला आणि ओणवं होऊन खाली बघितलं. भट्टीचा मागचा पाय वायरीवरच उभा! प्लगपासून वीतभर अंतरावर वायर चेपून चपटी झाली होती, आतलं तांबं काळवंडून बाहेर डोकावत होतं.

भाऊजींचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"तुम्ही मदत केलीत," ताई म्हणाली, "तेवढंच झालं."

पर्समधल्या स्क्रू ड्रायव्हरनं तिनं प्लग उघडला, चेपलेला तुकडा कापून टाकला आणि चांगल्या तारेला प्लग पुन्हा घट्ट बसवला. तिघांनी मिळून भट्टी सरकवली, या वेळी पायाखाली बघून. नाडी सोडली. मेन लावला. खटका आधी पूर्ण खाली, मग वर. धाकटीनं डोळे मिटून हात जोडले, ताईनं बटण दाबलं, आणि तिघंही नुसते कान देऊन उभे. टक् काही झालं नाही. भट्टीचा लाल दिवा मात्र लागला.

पंचवीस-पंचवीसच्या चार खेपा. तिसरी निघाली तेव्हा भाऊजी शेवटच्या ट्रेला लोणी फासत होते, नाकालाही थोडं.

"आणि तुमचं दुकान?" धाकटीनं विचारलं.

"दुकानाला माणूस मिळेल," ते मान वर न करता म्हणाले. "तू तिकडे जाऊन बसलीस तर इथं मी पुन्हा काहीतरी सरकवेन."

साडेतीनला शंभरावा पाव टोपलीत गेला. धाकटी पुन्हा पहिल्यापासून पाव मोजायला लागली, भाऊजींच्या लोण्यानं माखलेल्या हातांत टोपली ठरेना. ताईनं स्कूटरची किल्ली उचलली आणि ती शाळेत पाव पोचवायला निघाली.