खिडकीवाल्या सिस्टर

घरात पाऊल टाकल्याबरोबर सिस्टर आधी खिडकीकडे बघायच्या, मग माणसांकडे. चौकटीवरून बोट फिरवायचं, बोटाला लागलेली रंगाची पूड उजेडात धरायची आणि मगच "बरं हाय का ताई?" नांदेडची आमची गल्ली त्यांना खिडकीवाल्या सिस्टर म्हणायची. महापालिकेच्या दवाखान्यात नोकरी, माहेर रेणापूरचं. चहाला मात्र त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत. साखर कमी पडली तर डबा स्वतःच हुडकायच्या.

महापालिकेने घरपट्टीच्या नोंदींतून जुनी घरं काढली, अंगणवाडीच्या नोंदींतून अंग न धरणारी, उशिरा बोलणारी मुलं. दोन्ही जिथे जुळली तिथे नकाशावर लाल ठिपका. त्या ठिपक्यांमागे सिस्टर उन्हातान्हात हिंडायच्या. आमच्याकडे आल्या तेव्हा माझा निलेश खिडकीच्या रंगाचा पोपडा चघळत बसला होता. रक्त तपासलं, जुन्या रंगात असतं ते शिसं निघालं. "लेकराला कुणी मंद म्हणू नका, ताई," त्या म्हणाल्या. "ह्यो जुना रंग खाऊन खाऊन झालंय त्याला."

"आता घरमालकाला नोटीस जाती. रंग काढावाच लागतो बघा!" सिस्टरचा चेहरा असा फुलला होता, की मी त्यांना शिरा करून घातला. नोटीस गेली. मालकांनी रंगाला हात लावला नाही, आम्हालाच खोली रिकामी करायला सांगितली. टेम्पोत सामान चढत असताना सिस्टर धावत आल्या. "असं कसं करायलेत हे लोक?" एवढंच म्हणत राहिल्या. घरात लहान मूल उरलं नाही म्हणून आमचा ठिपका हिरवा झाला. गल्लीतले आणखीही असेच झाले. साहेब लोक खूश होते म्हणे. त्या हिरव्याची मला अजून चीड येते. निलेश आता शाळेत जातो. आज शिकवलेलं उद्या विसरतो.

परवा आमच्या जुन्या खोलीच्या त्याच खिडकीत झबली वाळताना दिसली. मी सिस्टरना फोन केला. निवृत्त झालेल्या, गुडघे गेलेले, तरी आल्या. दार उघडणाऱ्या पोरीच्या कडेवर मूल होतं.

"रक्त तपासू दे, माय," सिस्टर म्हणाल्या.

"न्हाई सिस्टर, पाया पडते, जावा. तुम्ही आलात की घर जातंय. समद्यांना ठाव हाय."

दार लागलं. सिस्टरनी बाहेरूनच चौकटीवर बोट फिरवलं, पूड बघितली, पदराला पुसली. घरी चला, चहा टाकते, मी म्हणाले.

"नको ताई," त्या म्हणाल्या. "तुमच्या निलेशसमोर बसवत न्हाई मला."