दवाखान्यामागचा खड्डा आणि सैराकान एजे

चोन-बुलाक या आमच्या डोंगरी गावच्या दवाखान्यात माझं काम रुग्णवाहिका चालवायचं, पण गाव मला ओळखायचं ते शुक्रवारच्या जाळावरून. दवाखान्याच्या मागे, धुण्याच्या खोलीपलीकडे, विटांनी बांधलेला पुरुषभर खोल खड्डा होता. आठवडाभराच्या सिरिंज, सलाइनच्या नळ्या, हातमोजे, रक्ताळलेली बँडेजं त्यात पडायची आणि दर शुक्रवारी दुपारी मी डिझेल ओतून काडी लावायचो. नऊ वर्षं लावली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी साळसूदपणाचा आव आणतोय असं कुणाला वाटायला नको.

धूर काळा आणि चिकट. शेजारच्या बायका वाळत घातलेले कपडे घाईघाईने घरात न्यायच्या. तक्रारी वाढल्या तेव्हा गावातले सर्वांत वडीलधारे, पांढऱ्या दाढीचे जुमाकादिर अक्साकाल, यांनी तोडगा काढला. "त्यात आर्चाच्या फांद्या टाका. आर्चाच्या धुराने सगळं शुद्ध होतं." आता मूल आजारी पडलं, वाईट स्वप्न पडलं, की डोंगरातल्या आर्चाच्या सुगंधी झाडाची डहाळी पेटवून घरभर धुरी द्यायची, हे आम्ही बोलायला शिकायच्या आधी शिकतो. लोकांना पटलं. डोंगर ओरबाडून फांद्या यायला लागल्या. धुराला खरंच गोडसर वास आला. मग शुक्रवारची नमाज आटोपून माणसं खड्ड्याशी जमायची आणि आया पोरांना धुरात तीनदा फिरवायच्या, "अलास, अलास, इडापिडा टळो!" मला लोक मान द्यायला लागले. ड्रायव्हरला एरवी कोण मान देतो? मीही फुशारलो.

सैराकान दवाखान्यात फरशी पुसायची, चादरी बदलायची. एजे म्हणजे थोरली बहीण, आणि ती सगळ्या गावाचीच एजे होती. त्याआधी, सामूहिक शेतीच्या काळात, अकरा वर्षं तिने डेअरीत वाफेने दुधाचे कॅन धुतलेले. हात लाल, आवाज चढा, आणि एकदा बोलली की दगडावरची रेघ. बूट पुसल्याशिवाय ती डॉक्टरांनासुद्धा वॉर्डात पाऊल टाकू देत नसे. चार वर्षांची नात बेगायम तिच्याजवळ असायची, कारण पोरीचे आईबाप रशियात मजुरीला. त्या नातीलाही ती दर शुक्रवारी धुरात धरायची.

हिवाळा सुरू झाला आणि बेगायमला धाप लागली. बरगड्या आत ओढून श्वास घ्यायची पोर. चार नंबरच्या खाटेवर ठेवली, बरी झाली, घरी गेली आणि पुढच्या शनिवारी परत आली. तेव्हा एजेच्या जे लक्षात आलं ते आम्हा कुणाच्याच आलं नव्हतं. चादरी ती बदलायची ना! खोकणाऱ्या पोरांच्या खाटा शनिवार-रविवारी भरतात आणि गुरुवारपर्यंत रिकाम्या होतात. तिने धुण्याच्या खोलीतल्या भिंतीवर खडूने रेघा मारल्या, एका पोराला एक. पाच आठवड्यांनी मला दंडाला धरून तिथे नेलं.

"बघ. शनिवारच्या खाली किती, नि बुधवारच्या खाली किती?"

"थंडी आहे एजे. पोरं खोकणारच."

"थंडी काय फक्त शुक्रवारी पडते होय रे, मेदेर?"

मी चिडलो. "मग काय माझ्यामुळे खोकतात?"

"तुझ्यामुळे. आणि माझ्यामुळेही. मीच धरलं ना तिला त्या धुरात? या हातांनी."

एवढं बोलून ती रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला माझीच लाज वाटली.

आमचे मुख्य डॉक्टर कुबानिच भला माणूस, पण भिडस्त. एजेने त्यांना भिंतीपुढे उभं केलं तेव्हा त्यांनी कबूल केलं की वाफेच्या दाबाने कचरा निर्जंतुक करायचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, दोन वर्षांपासून कोठीत पडून आहे. नर्सना वाटायचं ते फुटेल. त्याच्या खोक्यावर कुणीतरी जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या मांडल्या होत्या.

"आणि खड्डा बुजवला तर अक्साकाल मला गावात राहू देतील का, एजे?"

"वाफेचं मी बघते. अक्साकालांचंही मीच बघते. तुम्ही फक्त त्या बरण्या उचला."

तीन आठवडे नारिन शहरात राहून ती ते यंत्र चालवायला शिकून आली. वर्गातल्या पोरी तिच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी आधी हसून घेतलं आणि मग दाबाचा काटा कसा वाचायचा ते तिलाच विचारायला लागल्या. परत येऊन तिने यंत्र चालू केलं. सुया वेगळ्या, नळ्या वेगळ्या, पिशव्यांचे रंग वेगळे. मी चुकीच्या पिशवीत हातमोजा टाकला तर हातावर फटका बसायचा. वसंत ऋतू लागेपर्यंत दवाखान्याचा सगळा कचरा वाफेतून जायला लागला. जाळायला काही उरलं नव्हतं. तरी शुक्रवार आला की लोक फांद्या घेऊन हजर, वर घरातली जुनी औषधं, बाटल्या, डायपर बरोबर घेऊन. पेटवा म्हणायचे. आणि डॉक्टर गप्प, म्हणून मी पेटवायचो. त्या महिन्यात बेगायम तिसऱ्यांदा चार नंबरच्या खाटेवर आली. या वेळी तिला ऑक्सिजन लावावा लागला.

पुढच्या शुक्रवारी सकाळीच एजेने ट्रॅक्टरभर माती खड्ड्याच्या काठाला ओतवून घेतली. मला म्हणाली, "आज काडी लावलीस तर तुझं तोंड बघणार नाही." मी हो म्हणालो. पण दुपारी साठेक माणसं जमली, अक्साकाल पुढे, काठी टेकत.

"मेदेर, कशाची वाट बघतोयस? पेटव."

माझ्या एका हातात डिझेलचा डबा, दुसऱ्यात काडेपेटी. वडीलधाऱ्यांना नाही म्हणायची सवय माझ्या जिभेला नाही. मी झाकण फिरवलं. मग बाया किंचाळल्या, म्हणून वर पाहिलं तर एजे शिडी लावून खड्ड्यात उतरत होती. पायात गमबूट, हातात जाड मोजे, अंगात पांढरा डगला. खाली राखेत जाऊन उभी राहिली.

"आता पेटव," खालून आवाज आला.

"सैराकान, वर ये! वेडी झालीस का?" अक्साकाल ओरडले.

"अक्साकाल, घरच्या चुलीत तुम्ही कधी थुंकता?"

"तोबा तोबा! आगीत कोण थुंकेल?"

"केस टाकता? खरकटं टाकता?"

"आगीचा अपमान होतो तो. पोरांनाही माहीत आहे."

"मग हे बघा." तिने चिमट्याने राखेतून एकेक वस्तू उचलून काठावर ठेवली. वितळलेल्या सिरिंजचा गोळा. पू वाळलेलं अर्धवट जळकं बँडेज. न जळलेली सुई, टोक अजून लखलखीत. "हे आपण आगीला घातलं. वर आर्चा टाकली आणि म्हटलं, शुद्ध झालं. हे शुद्ध नाही झालं, अक्साकाल. आर्चाच विटाळली. आणि तो विटाळ मी माझ्या नातीच्या छातीत भरला. ती बघा, खिडकीत. नाकात नळी आहे."

सगळ्यांनी मागे वळून खिडकीकडे पाहिलं. अक्साकालांनी सर्वांत उशिरा मान फिरवली. मग काठी टाकली, वाकले आणि तिला हात दिला. मी डबा खाली ठेवला.

तिला वर ओढून घेतल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच फावडं उचललं. आमच्याकडे उघडा खड्डा आणि बाजूला माती दिसली की कुठलाही पुरुष माती दिल्याशिवाय जात नाही. कबरस्तानात प्रत्येकजण देतो, तीच सवय. रांग लागली. फांद्या आणणारेही फावडी घेऊन उभे राहिले, आणि मीही घाम येईपर्यंत माती ओढली. तासाभरात खड्डा जमिनीला लागला.

सवयच वाईट. अक्साकाल टोपी सारखी करून उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, जे दर मयतीला ते जमलेल्या लोकांना विचारतात, "कसा होता हा माणूस?"

साठ तोंडं उत्तरासाठी उघडली. जिवंतपणी माणूस कितीही नालायक असो, "चांगला होता" म्हणायचं, अशी रीत. पण तोंडं उघडी ती उघडीच राहिली. आमच्या बायका कबरस्तानात जात नाहीत, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कुणी कधी विचारलाच नव्हता. त्या दिवशी त्या तिथेच होत्या.

"वाईट होता," सैराकान एजे म्हणाली. "आमच्या लेकरांचा श्वास खायचा."