बेसूर अलार्म

मी विद्याधर, मुलुंडचा. आवाज फाटका, पण आंघोळ करताना नाट्यगीत हवंच. बायको, मृणालिनी, रोज बाहेरून दार बडवते, "अहो, पुरे!"

बाथरूमच्या खिडकीत मेल्या कबुतरांनी उच्छाद मांडला होता. मी फटींत थर्माकोल कोंबून, वरून टेप मारून खिडकी पार बुजवली. कबुतरांची जिरवली म्हणून अंगावर मूठभर मांस चढलं. आत गॅस गीझर आहे, हे या हुशार डोक्यात आलंच नाही. कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग.

दुसऱ्या दिवशी गाता गाता डोकं जड झालं, पाय लटपटले आणि मी खाली कोसळलो. दार बडवायला निघालेली मृणालिनी त्या शांततेनेच घाबरली. शेजारच्या हर्षदला हाक मारून तिने कडी तोडली आणि दोघांनी मला ओढून बाहेर काढलं.

आता खिडकी उघडी आहे, गीझर बाहेर बाल्कनीत गेलाय, घरात या वायूचा अलार्मही लावलाय. तरी मी टॉवेल उचलला की मृणालिनी बजावते, "अहो, गात राहा हं."

उभ्या जन्मात माझ्या गाण्याला आलेली ही पहिली फर्माईश.