टॅक्रोवाले आणि सायक्लोवाला

गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि दवाखान्यातले किस्से, दोन्ही घरात कधी साचतात कळत नाही. पाकिटं बायको फेकते. किस्से माझ्याकडे राहतात.

नांदेडात कारकुनी करून निवृत्त झालो आणि वर्षभरात हृदय बदलून घ्यावं लागलं. तपासणीला हैदराबाद. तिथल्या बाकावर आम्ही तिघे भेटतो : मी, जळकोटचे किराणा दुकानदार शिवलिंगआप्पा आणि उमरीचा शेतकरी दिगंबर. तिघांच्याही छातीत दुसऱ्याचं काळीज. शरीरानं ते परकं म्हणून हाकलू नये, यासाठी जन्मभर गोळ्या. आप्पांना आणि मला टॅक्रोलिमस, दिगंबरला जुनं सायक्लोस्पोरिन. या दोन औषधांची तुलना डॉक्टर लोक परिषदांत करतात म्हणे. आम्ही बाकावर करतो. चहा त्यांचा बरा असावा.

*

टॅक्रोनं हात थरथरतात. माझी सही बिघडली, पण निवृत्त कारकुनाच्या सहीला विचारतो कोण? आप्पांचं तसं नव्हतं. रोज लिंगपूजा केल्याशिवाय ते तोंडात पाणी घालत नाहीत, आणि कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे आता नवख्यानं तिफण धरल्यासारखे वाकडे जाऊ लागले.

दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, साखर सांडून राहिली."

"सांडू दे. ती तुझ्या वजनात धरली न्हाई."

*

सायक्लोनं हिरड्या सुजतात आणि केस वाढतात. दिगंबरच्या कपाळावर, कानांवर, दंडावर रान माजलं. त्याची बायको कौसाबाई म्हणाली, "औंदा सोयाबीन न्हाई उगवलं. हे मात्र लई जोरात हाय."

पण हात दगडासारखा स्थिर. सुईत दोरा एका दमात ओवतो.

आप्पा त्या हाताकडे बघायचे, दिगंबर आप्पांच्या गुळगुळीत कपाळाकडे. एकदा आप्पांनी गोळ्यांची डबी त्याच्यापुढे सरकवली. "महिनाभर तू माझ्या खा, मी तुझ्या खातो."

दिगंबरचा हात पुढे झालाही होता. सोबत आलेल्या कौसाबाईनं दोघांच्याही डब्या उचलून पिशवीत टाकल्या.

"गोळ्या बदलायच्या तर काळीज बी बदलून घ्या. झालं की मला बोलवा."

*

गोळीचं रक्तातलं प्रमाण मोजायचं असलं की सकाळची गोळी न घेता रक्त द्यायचं असतं. एका खेपेला आप्पांचं प्रमाण भलतंच जास्त आलं. डॉक्टरीणबाईंनी डोस उतरवला. थरथर गेली, पट्टे सरळ झाले. आप्पांनी पेढे पाठवले आणि दिगंबरला फोनवर निरोप दिला, "टॅक्रो जिंकली. तू न्हावी बघ."

पुढच्या खेपेला दारातून बाकापर्यंत येताना आप्पांना धाप लागली. मानेतल्या शिरेतून नळी घालून हृदयाचा कण काढला, तपासला. शरीरानं काळीज हाकलायला घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागच्या वेळी गोळी घेऊन आला होतात का?"

"न्हाई हो. नुसती पूजा करून आल्तो."

"आणि पूजेनंतर?"

"पूजेनंतर गोळी. ते तर रोजचंच हाय."

बाईंनी जुना रिपोर्ट काढला. त्यातलं वाढीव प्रमाण त्या सकाळच्या गोळीचं होतं, डोस उगाच उतरवला गेला होता. मग आप्पांना भरती करून घेतलं. बाकावर आम्ही दोघंच उरलो. त्या दिवशी कुणाची औषधं बरी हा विषय निघाला नाही.

*

आप्पा वाचले. जुना डोस परत आला, त्याच्याबरोबर थरथरही. बाई म्हणाल्या, पूजा खुशाल करा, रक्त देईपर्यंत गोळी तेवढी घेऊ नका.

आप्पा म्हणाले, "पूजा झाली की हात आपोआप डबीकडं जातो. त्यापरीस पूजाच मागून करतो."

म्हणून परवा रक्त देऊन आल्यावर त्यांनी बाकावरच पूजेची तयारी मांडली. भस्मात बोटं बुडवली. बोटं कपाळापर्यंत जात, पण टेकत नव्हती. भस्म सदऱ्यावर सांडत होतं.

दिगंबर जवळ सरकला. "आप्पा, गोळ्या तुमच्या तुमीच खा. पट्टे मी ओढतो."

"तू मटण खातोस. हात धुऊन ये."

"धुतलेत की. जंतूच्या भेवानं दिवसभर तेच करून राहिलो."

"ते जंतूसाठी. आता माझ्यासाठी धू."

दिगंबर उठला, नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आला. आप्पांनी डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं.