भावोजींचं चटईचं मशीन

आमच्या थोरल्या भावोजींइतका निश्चल पडून राहणारा जिवंत माणूस अख्ख्या कावेरीकाठी सापडायचा नाही. कुंभकोणमात मेंदूचं स्कॅन काढणाऱ्या एका केंद्रात ते तंत्रज्ञ आहेत आणि दिवसभर लोकांना ‘हलू नका’ सांगता सांगता स्वतःच अर्धे पुतळा झाले आहेत. दुपारी जेवून ते झोपाळ्यावर आडवे झाले, की माशी नाकावर बसते, कंटाळते आणि निघून जाते. ताईने दोनदा त्यांच्या नाकाशी आरसा धरून पाहिला आहे. चालतानाही त्यांची तंद्री सुटत नाही. समोरच्याचा चेहरा त्यांना दिसतच नाही, दिसतं ते थेट डोकं. माझ्या लग्नात सगळे नवऱ्या मुलाचं रूप न्याहाळत होते, तेव्हा हे स्वप्नात असल्यासारखे पुटपुटले, “डोकें झकास. मशीनींत नीट मावेल.”

मशीनचा आवाज ते तोंडाने हुबेहूब काढतात. टकटक, घुर्रर्र, मग खणखण. एका मुंजीत ते असेच तंद्रीत वाजू लागले, तर तविल ढोल बडवणाऱ्याने थांबून अदबीने विचारलं, हा कुठला ताल? पण ही कला त्यांनी उगाच कमावलेली नाही. तरुण वयात नसलेले आवाज नुकतेच ऐकू येऊ लागलेल्यांच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या अगदी सुरुवातीला असलेल्यांच्या मेंदूंचा अभ्यास काही डॉक्टर करतात. त्या मेंदूंची चित्रं भावोजी काढतात. ती बिचारी मुलं मशीनच्या बोगद्याला आणि खडखडाटाला भितात. म्हणून भावोजींनी घरातच गवती चटया गोल बांधून खोटं मशीन केलं आहे. मुलांना त्यात निजवतात आणि शेजारी मांडी घालून, डोळे मिटून, तासभर स्वतः वाजत राहतात.

गेल्या वर्षी त्या चटईत माझी लेक निजली. बावीस वर्षांची. जेवता जेवता कान टवकारायची, माझ्याकडे रोखून बघायची आणि उठून जायची. काय झालं विचारलं, की एकच उत्तर, “कांहीं नाही.” गोळ्या सुरू होत्या, पण ती काही सांगेना, त्यामुळे औषध कमी करावं की वाढवावं, डॉक्टरांनाही कळेना. अभ्यासाला मात्र तिने स्वतःच होकार दिला, आणि मला वाटलं, चला, आता चित्रात सगळं दिसेल.

फोटो काढायचा म्हटल्यावर मी तिला आपलं तिरुभुवनमचं जरीचं रेशमी लुगडं नेसवलं, मोगरा माळला, काजळ घातलं. भावोजी केंद्राच्या दारात बघतच राहिले. “जरींत धातू असतो गे! हें लग्न नव्हे, स्कॅन आहे,” म्हणत त्यांनी कपाटातला सुती झगा काढला. कपाटात तसले झगे थप्पीने होते. म्हणजे माझ्यासारख्या आया पुष्कळ. लेक हसली. किती महिन्यांनी हसली!

स्कॅन झाल्यावर मी पडद्याला नाक लावलं. “दाखवा ना भावोजी, तो आवाज कुठें आहे?”

“एका डोक्यांत दिसत नाही,” ते हळूच म्हणाले. “पुष्कळ डोकीं एकत्र ताडून पाहिलीं, तर डॉक्टरांस कधीं कांहीं उमगेल.”

मला संताप आला. मग माझं लेकरू कशाला निजलं आत? भावोजींनी त्या करड्या चित्राचा पडदा बंद केला. मग म्हणाले, “चित्राला काय विचारतेस गे? ती बाहेर बाकावर बसली आहे.”

परतताना बसमध्ये मी धीर केला. पण काय विचारावं सुचेना. आमच्या घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ; म्हणून वेड्यासारखं तेच विचारलं, “तो आवाज कुठली भाषा बोलतो?”

ती खिडकीबाहेर बघत होती. “मराठी,” म्हणाली. “घालूनपाडून बोलतो. मज वाटायचें, तूंच बोलतेस.”

माझीच तक्रार ती माझ्याकडे कशी करणार होती? “मी नव्हें गे, बाळे,” एवढंच मला म्हणता आलं.

तिने माझा हात धरला. “पुन्हा सांग,” म्हणाली. घर येईपर्यंत मी सांगत राहिले.