चिकूच्या तापाची गोष्ट

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही — कदाचित तुम्ही आमच्या घरातले नाही, म्हणून.

माझ्या मुलाचा, चिकूचा, पाचवा वाढदिवस होता. आम्ही आसनगावला फ्लॅट घेऊन नुकतेच राहायला आलो होतो. बिल्डिंगमधल्या बायकांशी अजून फक्त हसण्यापुरती ओळख होती. त्यांची मुलं पहिल्यांदाच आमच्या घरी येणार — सगळं कसं नीट, शांतपणे व्हायला हवं होतं. मोबाइलवर मी वाचत बसायचे, धावपळ न होता मुलांची पार्टी कशी करावी. मुलं थोडीच बोलवा, खाणं साधं ठेवा, वेळ ठरवून द्या. सगळं पटत होतं. आणि त्यातलं ‘थोडीच बोलवा’ मला फारच सोयीचं वाटलं.

का, ते सांगते.

माझ्या मोठ्या जाऊबाई, मंदाताई, मुरबाडकडच्या आमच्या गावी राहतात. त्यांची मुलगी सोनी तेव्हा दहा वर्षांची होती. ती बोलत नाही. गोंगाट तिला सोसत नाही — कान दाबून धरते, ओरडते, हाताला येईल ते ओढते. आदल्या वर्षी नणंदेच्या घरी तिने टेबलावरची चादर ओढली आणि केक जमिनीवर आला. सगळ्यांनी सांभाळून घेतलं. मी मात्र ते मनात धरून ठेवलं.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मंदाताईंचा फोन आला. ‘सुजाता, उद्या कधी येऊ गो? सोनी चिकूचं नाव काढलं का हसते.’

मी काय म्हणाले असेन? अगदी सहज म्हणाले, ‘ताई, चिकूला ताप आलाय. या वर्षी काही करत नाही.’

आणि सासूबाई — त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडेच होत्या — त्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, ‘सांगितलंय मंदाताईंना.’

दुसऱ्या दिवशी केक कापून झाला होता. मुलं फुगे फोडत होती. बेल वाजली, मी हसतच दार उघडलं — दारात मंदाताई. एका हातात सोनीचा हात, दुसऱ्या हातात पिशवी. आजारी पोराला बघायला त्या मुरबाडहून एसटीने शहापूरला, तिथून रिक्षाने आल्या होत्या. त्यांनी आत पाहिलं. फुगे पाहिले, डोक्यावर टोपी घातलेला चिकू पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

मागून सासूबाईंचा आवाज आला, ‘आता येतेस होय मंदा? पोराच्या वाढदिवसाला तरी टायमावर यायचं.’

मंदाताई माझ्याकडेच बघत राहिल्या — वाट बघत होत्या, हे मला तेव्हाही कळलं होतं. आणि मी, सगळ्या बायकांसमोर, म्हणाले, ‘मी तर चारचं सांगितलं होतं.’

खोटं बोलले, ते एक. पण हे? हे कोणी माझ्याकडून वदवून घेतलं?

‘गाडी नाय मिळाली, आई,’ मंदाताई म्हणाल्या. ‘माझंच चुकलं.’

सासूबाईंनी पिशवीत डोकावलं. आत तांदळाच्या कण्या होत्या — तापातून उठलेल्या पोराला पेज करून द्यायला. ‘वाढदिवसाला कण्या?’

‘तुमच्यासाठी आणल्या.’

तेवढ्यात एक फुगा फुटला आणि सोनीने कान दाबले. ती ओरडायच्या आत मंदाताई तिला घेऊन मागच्या बाल्कनीत गेल्या, मशीन आणि बादल्यांच्या मधे. मी बाल्कनीचं दार ओढून घेतलं. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. आत जेवणं होईपर्यंत त्या दोघी तिथेच बसून होत्या. मी प्लेट नेऊन दिली, त्यांच्याकडे न बघता. त्यांनी ती सोनीला भरवली.

जाताना एका शेजारणीने विचारलं, ‘जराही टेन्शन न घेता कसं जमवलंत हो?’ मी हसून सांगितलं — थोडीच माणसं बोलवायची.

मंदाताईंनी आजवर कोणाला काही सांगितलेलं नाही. सासूबाई मात्र ती गोष्ट दर लग्नाकार्यात सांगायच्या, मोठीला वेळेचं भान नाही म्हणून. मी ऐकायचे. कधीकधी मान डोलवायचे.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. शेवटचे दोन महिने त्या गावीच होत्या, मंदाताईंच्या हातात — अंघोळ, औषध, सगळं. मी रविवारची जायचे, फळं घेऊन. एका रविवारी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘तू बघ कशी टायमावर येतेस. मंदाला कधी जमलं नाय.’

मंदाताई तिथेच होत्या, उशी बदलत. मी तेव्हा बोलू शकले असते. खोलीत आम्ही तिघीच होतो.

मी सासूबाईंच्या अंगावरची चादर सारखी केली आणि म्हणाले, ‘पडा आता, आई.’