दोनशे अकरा विहिरींचे कागद

सहादेव मुठी मिटून चालायचा, बोटांना धूळ लागू नये म्हणून. विहिरीजवळून जाताना आत खडा टाकायचा आणि आवाज येईपर्यंत आकडे मोजायचा. तांब्या भरत आलेला त्याला आवाजावरून कळे. कधी सांडला नाही. कुणी रामराम घातला तर आधी त्या माणसाचं नाव घ्यायचा, मग रामराम. वाचायला बसताना बोटं धोतराला तीनदा पुसायचा. त्यानंतर कुणी बोललेलं त्याला खपत नसे.

हे सगळं अलीमने दुष्काळी कामावर पाहिलं. अलीम सुप्याचा. नगरच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झाला होता. नोकरी नव्हती, म्हणून त्र्याहत्तरच्या जानेवारीत हजेरी कारकून म्हणून लागला. सहादेव जवळच्याच वाडीवरचा, पंचेचाळिशीचा. देवीत दोन्ही डोळे गेलेले. लहानपणी एका मास्तरांच्या खटपटीने मुंबईच्या अंधशाळेत सहा वर्षं काढून आला होता. तिथे तो टिंबांची लिपी शिकला, जाड कागदावर टोच्याने उठवायची आणि बोटांनी वाचायची.

त्याचा बाप भिमाजी विहिरी खोदणाऱ्या टोळीचा म्होरक्या. पारनेर तालुक्यात त्याने दोनशे अकरा विहिरी खोदल्या. कामावरून आला की अंगणात बसून तो सांगायचा आणि सहादेव टोचत जायचा. किती परस खोल गेलो, माती किती, मुरूम किती, मांजऱ्या दगड किती, काळा पाषाण कुठं लागला, ओल कुठल्या अंगाला फुटली. भिमाजी गेला. विहिरींच्या पोटातलं सगळं कागदावर राहिलं, आणि ते एकट्या सहादेवला वाचता येत होतं.

कामावर नाव घालताना मुकादम म्हणाला होता, "आंधळ्याला पोरं सांभाळायला बसवा झाडाखाली."

"मी काय दाई हाय?" सहादेव म्हणाला. "अलीमभाऊ, मला खडीवर घ्या."

अलीमला ते पटलं. स्वाभिमानाची गोष्ट होती. त्याने खडीवर नाव घातलं. सहादेव तीन महिने दगड चाचपत, फोडत, गोळा करत राहिला.

एप्रिलात वाडीची विहीर तळाला गेली. विहिरीच्या भिंतीत आडवा सुरुंग घेणारी टोळी सोमवारी येणार होती. गावाला एकच सुरुंग, एकाच बाजूला. सरपंच आसाराम अलीमला घेऊन सहादेवच्या दारात आले. "तुमच्या तात्यांनी खोदलेली. ओल कुठल्या अंगाला हाय तेवढं बघून सांगा."

सहादेवने गठ्ठा काढला. बोटं तीनदा पुसली. कागदावर फिरवली. पुन्हा पुसली.

"कोरा लागतोय," तो म्हणाला.

कागद कोरा नव्हता. अलीमला टिंबं दिसत होती. त्याने सहादेवचा हात उलटा करून पाहिला. बोटांच्या टोकांना घट्टे, बाभळीच्या सालीसारखे.

मग धावाधाव सुरू झाली. सहादेवने बोटं ताकात बुडवून ठेवली, एरंडेल चोळलं, काचेने घट्टे खरवडले, रक्त काढलं. एका जागी बसवेना. अलीम एस.टी.ने नगरला गेला आणि ओळखीच्या मास्तरांकडून टिंबांच्या अक्षरांचा तक्ता घेऊन आला. दुपारभर एका कागदासमोर बसला. तक्त्यात बघून एकेक अक्षर लिहिलं. शेवटी सहादेवला वाचून दाखवलं, "झपच गटन धखलस."

सहादेव पोट धरून हसला. त्या आठवड्यात पहिल्यांदा. "बापानं असली विहीर खोदली न्हाई बाबा."

"मग चुकलं कुठं?"

"तुमचा तक्ता नवा, माझी टिंबं जुनी. मी शाळा सोडली, मग सरकारनं सगळ्या भाषांना मिळून एक लिपी केली. टिंबं तीच, अक्षरं फिरली. जुनं कुलूप नव्या किल्लीनं उघडतंय व्हय?"

टोचता तर त्याला येतच होतं. त्याने जुनी अक्षरं ओळीने टोचून दिली, अलीमने प्रत्येकाखाली बाळबोधात अक्षर लिहिलं. तासाभरात किल्ली तयार झाली. पुन्हा तोच कागद घेतला आणि शब्द उगवायला लागले: परस, मुरूम, मांजऱ्या. पण मधेच सुटी एकेकटी चिन्हं येत होती, कुठल्याच अक्षराची नव्हती.

"ही माझी," सहादेव म्हणाला. "कागद मिळायचा न्हाई. तात्या दिशा सांगायचे न्हाईत. चिंचंकडं, देवळाकडं, बांधाकडं, असं सांगायचे. त्या शब्दांना एकेक खूण केली."

"मग सांगा, कुठली खूण कशाची."

"ते हाताला ठावं हाय, खूण बोटाला लागली की कळायचं. मला इचारून काय उपेग?"

तो उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, परत आला. मग त्याने कागद उचलला आणि खालच्या ओठावरून सरकवला. हळू. परत एकदा. कागद खाली घेतला. "थारोळ्याकडं. तळापासून दोन हात वर."

थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ते कुंड. सोमवारी टोळीचा मुकादम विहिरीत डोकावून म्हणाला, "कागदाचे मुके घेऊन पाणी लागतं व्हय?" पण सुरुंग थारोळ्याच्या अंगाला घेतला. धूर ओसरल्यावर आत करंगळीएवढी धार दिसली. बायकांनी तिथेच रांग लावली.

बुधवारपासून बाकीची गावं यायला लागली. कुणी बैलगाडीने, कुणी सायकलवर. टोळी पुढच्या गावी जाणार, त्याआधी सगळ्यांना आपापल्या विहिरीची बाजू हवी होती. सहादेवने कामावर जाणं सोडलं. किल्लीने एका कागदाला अलीमची दुपार जायची, आणि खुणा तर तिच्यात नव्हत्याच. ओठाने वाचायचं आणि तोंडाने सांगायचं, दोन्ही एकदम होत नव्हतं. एक ओळ वाचायची, कागद खाली, सांगायचं, पुन्हा वर. अलीम वहीत लिहायचा. खूण आली की वेगळ्या यादीत नोंद करायचा. हजेरी आटोपली की तो धावतच यायचा. तोवर सहादेव दारात उभा असे.

"उशीर केला."

"सहादेवभाऊ, हजेरी तर घ्यावी लागते."

"ती उद्या घ्या. विहीर उद्यापतुर ऱ्हाते व्हय?"

कागद तीस वर्षांचे, धुळीने भरलेले. ओठ आधी सोलला, मग फाटला. भावजय भागूबाई तूप लावायची. "भावजी, तोंड बघा काय झालंय."

"मी कसं बघू वैनी? तुमीच बघा."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ओठ सुजला. अलीम म्हणाला, दोन दिवस थांबू. सहादेवने ऐकलं नाही. वरच्या ओठाने वाचायला लागला. तिसऱ्या दिवशी निम्मा चेहरा सुजला, ताप चढला. बैलगाडीतून फाट्यापर्यंत, तिथून ट्रकने नगरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत तो आकडे मोजत होता. कशाचे ते अलीमला कळलं नाही. पाचव्या दिवशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, जखमेतलं विष रक्तात भिनलं.

अलीम वाडीवर परत आला. कामावर आणखी महिनाभर हजेरी घेत राहिला. खडीवर नाव कुणी घातलं होतं, हे त्याला कुणीच म्हणालं नाही. भागूबाईने गठ्ठा आणि वही त्याच्या हातात दिली आणि आत गेली.

वहीत एकशे सदतीस विहिरी पूर्ण आहेत. एकशे अडतिसावी पलीकडच्या वस्तीवरच्या साळूबाईंची. त्या अजून अलीमकडे येतात, ओट्यावर बसतात. "माझी निघाली का रं, अलीम?"

अलीम वही उघडतो. त्याच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: साडेचार परस. वर माती, मग दीड परस मुरूम, मग मांजऱ्या. ओल.

कागदावर त्याच्यापुढे एक खूण आहे. ती यादीत नाही.